नाताळात शेजाऱ्याला येशूजन्माची गोष्ट कशी सांगावी: कोल्हापूरच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी

वर्षभर ज्यांच्याशी पाण्याची वेळ आणि पार्किंग यापलीकडे बोलणे होत नाही, ते शेजारी नाताळात आपणहून विचारतात, "काय, तयारी झाली का?" खिडकीत तारा लागला की गल्लीतली पोरे दारात येऊन उभी राहतात. विश्वासाबद्दल बोलायला याहून सोपा आठवडा सापडणार नाही. तरी बहुतेक घरांत तो केक वाटण्यात जातो. काही उत्साही मंडळी उलट टोक गाठतात आणि चौकात पत्रके वाटून, स्पीकर लावून वर्षभराची ओळख दोन तासांत घालवतात. या दोन्हींच्या मधली वाट अशी: आपल्या घरात, आपल्या ओळखीच्या माणसाला, त्याने विचारल्यावर, एकच गोष्ट सांगायची आणि वेळेत थांबायचे.

यादी दिवाळीच्या ताटांवरून करा

डिसेंबर लागला की वही घ्या आणि दिवाळीत कुणाकुणाच्या घरून फराळाचे ताट आले ते लिहा. तीच तुमची पहिली यादी. त्या घरांशी देवाणघेवाण आधीच सुरू आहे, त्यामुळे तुमचे ताट गेले तर कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. त्यात कामावरचे एकदोन जण, मुलांच्या वर्गमित्रांचे पालक आणि रोजचा दूधवाला किंवा रिक्षावाला घाला. आठ ते दहा घरांपुढे जाऊ नका. पंचवीस घरी ताट पोचवणारा माणूस एकाही घरी बसत नाही, आणि बसल्याशिवाय बोलणे होत नाही.

यादीतल्या प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी टिपा: घरात कोण काय खात नाही, कुणी आजारी आहे का, आणि यंदा त्या घरात काही दुःख झाले आहे का. ज्या घरात वर्षभरात मयत झाली आहे तिथे सणाचे ताट नेण्याआधी विचारा. अनेक घरांत ते वर्ष सण करत नाहीत. तिथे नुसते भेटायला जाणे जास्त बरे.

ताट

इथे चुका फार होतात म्हणून सविस्तर. डिसेंबरात बहुधा मार्गशीर्ष चालू असतो. त्या महिन्यातल्या गुरुवारी कितीतरी घरांत महालक्ष्मीचे व्रत असते, बायकांचा उपवास असतो आणि घरात अंडे शिजत नाही. तेव्हा ताट द्यायचा दिवस ठरवण्यापूर्वी कालनिर्णय उघडा आणि गुरुवार व एकादशी वगळा. २५ तारीखच गुरुवारी आली तर ताट दुसऱ्या दिवशी द्या. बिघडत काही नाही.

कोल्हापुरात जैन आणि लिंगायत शेजारी नाहीत अशी गल्ली शोधावी लागेल. त्यांच्यासाठी बिनअंड्याचा केक वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या चमच्याने करा, आणि देताना स्वतःहून सांगा, "यात अंडं नाही, दारू नाही." विचारायची वेळ त्यांच्यावर आणू नका. जैन घरी मध घातलेले, जिलेटिनची सजावट असलेले किंवा कांदा-लसूण-बटाट्याचे काही नेऊ नका. ताट दिवस मावळायच्या आत पोचले पाहिजे, कारण अनेक जण सूर्यास्तानंतर खात नाहीत आणि या दिवसांत इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो.

बिनअंड्याच्या केकचे साधे प्रमाण: मैदा २५० ग्रॅम, बेकिंग पावडर २ छोटे चमचे, खायचा सोडा १ छोटा चमचा, कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमचा डबा, लोणी १०० ग्रॅम, बाटलीतला साधा सोडा सुमारे २०० मिली. मनुका, काजू, टुटीफ्रुटी मिळून १५० ग्रॅम, आदल्या रात्री संत्र्याच्या रसात भिजवून. मैदा, पावडर आणि खायचा सोडा एकत्र चाळा. लोणी आणि कंडेन्स्ड मिल्क फेटून त्यात चाळलेले पीठ आणि बाटलीतला सोडा आळीपाळीने घाला आणि १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे भाजा. सुकामेवा तळाशी बसतो तो ओला राहिल्यामुळे. निथळून, चमचाभर मैद्यात घोळून मगच घाला. सोडा ओतल्यावर पीठ ठेवून देऊ नका, बुडबुडे गेले की केक दगड होतो.

केकसोबत करंज्या, शंकरपाळ्या, चकली असूच द्या. नाताळचा फराळ आणि दिवाळीचा फराळ यांत कोल्हापुरी ख्रिस्ती घराने कधी फार भेद केलेला नाही, आणि ताटातली ओळखीची करंजी शेजाऱ्याचा अर्धा संकोच घालवते. एखाद्या घरी ताट घेतात पण खात नाहीत, हे तुमच्याही लक्षात आले असेल. त्यामागे जातीची जुनी अढी असू शकते, सोवळे असू शकते किंवा नुसता मधुमेह असू शकतो. शोध घेत बसू नका. पुढच्या वर्षी त्या घरी फळे न्या.

ताटात पत्रक, वचनाचे कार्ड, छोटे पुस्तक, यातले काहीही लपवून ठेवू नका. घास तोंडात घालताना खाली छापील कागद दिसला की माणसाला वाटते, म्हणजे हे यासाठी होते होय. ताट हे ताटच असू द्या.

उलट बाजूचाही विचार आधी करून ठेवा. शेजारी तुम्हाला प्रसाद देतो तेव्हा तुम्ही काय करता? ख्रिस्ती लोकांत याबाबत दोन मते आहेत आणि प्रत्येकाने आपल्या विवेकाप्रमाणे ठरवावे. पण नाकारत असाल तर दोन्ही हात जोडून, त्यांच्या देवाविषयी एकही शब्द न बोलता नाकारा, आणि आपला केक कुणी नाकारला तर तितक्याच मोकळेपणाने घ्या. स्वतः प्रसाद परतवायचा आणि केक घेतला नाही म्हणून फुगून बसायचे, हे कुणालाच शोभत नाही.

गोष्ट तीन मिनिटांची

कुणीतरी विचारणारच, "नाताळ म्हणजे नक्की काय हो? सांताक्लॉजचा सण ना?" त्या क्षणासाठी तयारी हवी. लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय, १ ते २० ओवी, दहा वेळा मोठ्याने वाचा. मग पुस्तक मिटून आपल्या बोलीत सांगा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द बसतात. पाचव्या मिनिटाला ऐकणाऱ्याचा चहा गार होतो आणि लक्ष उडते.

आपल्या भागात ही गोष्ट सांगायला एक मोठी सोय आहे: तिच्यातले सगळे सामान इथे रोजचे आहे. गव्हाण म्हणजे काय हे कोल्हापूरकराला समजवावे लागत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध पिणाऱ्या माणसाला शेणाचा, कडब्याचा वास ठाऊक आहे. मेंढपाळ म्हणजे धनगर; रात्री शेतात मेंढरे बसवून शेकोटीशी जागणारी माणसे ऊसपट्ट्यात सगळ्यांनी पाहिली आहेत. जुन्या मराठी भाषांतरात बाळाला 'बाळंत्याने गुंडाळले' असे आहे, आणि बाळंते हा शब्द कुठल्याही आजीला हसवतो. नासरेथ ते बेथलेहेम हे अंतर ढोबळमानाने कोल्हापूर ते सातारा एवढे, तेही दिवस भरत आलेल्या बाईला घेऊन. साधारण असे सांगता येईल:

"रोमच्या बादशहानं फर्मान काढलं, सगळ्यांनी आपापल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचं. योसेफ सुतारकाम करणारा, गरीब माणूस. मरियेचे दिवस भरलेले. तशात बेथलेहेमला गेले. उतरायला जागा नाही. बाळ जन्मलं आणि बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. आता बघा, ही बातमी पहिली कुणाला कळली? राजाला नाही, देवळातल्या पुजाऱ्याला नाही. रानात मेंढरं राखणाऱ्या धनगरांना. देवदूत म्हणाला, भिऊ नका, तुमच्यासाठी तारणारा जन्मलाय, आणि खूण काय, तर बाळ गव्हाणीत सापडेल. आम्ही मानतो की देव स्वतः माणूस होऊन आला, तो असा आला. म्हणून आमच्याकडं नाताळला गोठा मांडतात."

आणि थांबा. पुढे क्रूस, पुनरुत्थान, न्यायाचा दिवस असे सगळे एका दमात घेऊ नका. समोरच्याने "मग पुढं काय झालं?" असे विचारले तर सांगाच, पण विचारू द्या.

सांगताना शास्त्रात नसलेले घालू नका, कारण ऐकणाऱ्याने नंतर स्वतः वाचले तर तुमचा भरवसा उडतो. धर्मशाळेच्या मालकाने हाकलले असा प्रसंग लूकमध्ये नाही. फक्त जागा नव्हती एवढेच आहे. गाढवाचा उल्लेख नाही. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, तीन होते असे मत्तय म्हणत नाही. सोने, ऊद आणि गंधरस ही दाने तीन, म्हणून माणसे तीन धरली गेली. शिवाय ते त्याच रात्री गोठ्यात नव्हे, पुढे 'घरात' आले असे मत्तय सांगतो. योसेफ सुतार होता हेही मत्तयाकडून, तेराव्या अध्यायातून आलेले. नाटकात मेंढपाळ आणि मागी एकत्र उभे करायला हरकत नाही, पण प्रश्न आला तर खरे सांगा. तारखेचेही तसेच: २५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाही, रोममध्ये त्या दिवशी सण पाळल्याची नोंद चौथ्या शतकातली आहे. 'नाताळ' शब्द पोर्तुगीजांकडून आला, अर्थ जन्म. सांताक्लॉजचे मूळ निकोलस नावाच्या बिशपात, तोही चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा. हे सगळे हसतखेळत सांगण्यासारखे आहे, त्यात विश्वासाला धक्का बसण्यासारखे काही नाही.

घरात चालणारे शब्द, बाहेर अडणारे शब्द

उपासनेत वाढलेल्या माणसाला आपली भाषा ऐकूच येत नाही. रेकॉर्ड केलेली गोष्ट परत लावा आणि पुढचे शब्द मोजा.

'तारण' हा सगळ्यात फसवा. बाहेरच्या मराठीत तारण म्हणजे बँकेत गहाण ठेवलेली वस्तू. सोनेतारण कर्जाच्या पाट्या शहरभर आहेत. "येशूने तुमचे तारण केले आहे" हे ऐकून माणूस मनातल्या मनात गोंधळतो. 'सोडवले', 'वाचवले' म्हणा. वरच्या गोष्टीत 'तारणारा' चालतो, कारण तारणे हे क्रियापद लोकांना ठाऊक आहे.

'अनुग्रह' म्हणजे इथे गुरूकडून घेतलेली दीक्षा. नृसिंहवाडीला जाणाऱ्या माणसाशी बोलताना हा शब्द वेगळेच दार उघडतो. 'कृपा' सगळ्यांना कळते. 'नवा जन्म' बोलण्याच्या ओघात 'पुनर्जन्म' झाला तर समोरचा चौऱ्यांशी लक्ष योनींकडे निघालाच समजा. 'अवतार' सोपा वाटतो, पण दहांतला आणखी एक असा त्याचा अर्थ होतो. त्यापेक्षा 'देव माणूस झाला' हे सरळ वाक्य वापरा. 'पापी' ही बोलीभाषेत शिवी आहे. "आपण सगळे पापी" म्हणण्याऐवजी "माझ्याकडूनही जे व्हायला नको ते होतं" असे स्वतःपासून सुरू करा. 'देवाचा कोकरा' ऐकून जत्रेतला बकरा डोळ्यांपुढे येतो. तो विषय सवडीने काढायचा आहे. आणि "आमच्या मंडळीत या" हे कोल्हापुरात तालीम मंडळाचे आमंत्रण वाटते, किंवा बायकोला भेटायला बोलावल्यासारखे. 'चर्चमध्ये या' म्हटलेले बरे.

एक शब्द मात्र आपल्या गावात उलट सोपा जातो. ख्रिस्त म्हणजे अभिषिक्त. राज्याभिषेक म्हणजे काय हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे, त्यामुळे 'ख्रिस्त' हे आडनाव नसून 'अभिषेक झालेला राजा' असा त्याचा अर्थ, हे एका वाक्यात पोचते. मग राजा गव्हाणीत का, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

बोलावणे

ताट दिल्यावर दोनतीन घरांना आपल्याकडे बोलवा. २६ तारीख किंवा त्यानंतरचा रविवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ. १० बाय १२ च्या खोलीत बारा माणसे बसतात, त्यात तुमची चार. म्हणजे पाहुणे आठ. निरोप फोनवर न देता दारात जाऊन द्या, आणि काय होणार ते आधीच स्पष्ट सांगा: "वहिनी, रविवारी सगळी या की आमच्याकडं. चहा-फराळ आहे, पोरं दोन गाणी म्हणतील आणि नाताळची गोष्ट पाच मिनिटं वाचणार आहोत." लपवून बोलावले आणि मग प्रवचन झाले तर पाहुणे पुन्हा येत नाहीत, आणि बरोबरच करतात.

क्रम सोपा ठेवा. आल्या आल्या चहा. मग मुलांची दोन गाणी. मग घरातल्या एकाने, शक्यतो आजीने किंवा शाळकरी मुलाने, लूकमधला भाग वाचावा. पाळकसाहेबांना या दिवशी बोलावलेच तर पाहुणा म्हणून, वक्ता म्हणून नको. वाचनानंतर यजमानाने एक मिनिटात सांगावे की आपल्या घराला या गोष्टीने काय दिले. शेवटी एक छोटी प्रार्थना, तीही विचारून: "घरासाठी देवाजवळ एक मिनिट मागणं करतो, चालंल का?" पाहुण्यांना डोळे मिटायला, उभे राहायला, मागून म्हणायला सांगू नका. मग जेवण किंवा फराळ. मटण करायचे असेल तर यादीतल्या टिपा पाहा. पांढरा रस्सा कितीही झकास झाला तरी समोर माळकरी बसला असेल तर त्याच्यापुढे नुसती वास घेण्याची शिक्षा ठेवू नये.

जाताना फोटो काढायचा मोह होईल. काढा, पण पाहुण्यांना विचारल्याशिवाय स्टेटसला लावू नका आणि 'प्रभूच्या कळपात नवीन आत्मे' असले काही तर मुळीच लिहू नका. एका फोटोमुळे त्या कुटुंबाला भावकीत जाब द्यावा लागतो. त्यांचे नंबर चर्चच्या ग्रुपमध्ये टाकणे हाही त्याच जातीचा अपराध.

दारोदार गाणी

१८ ते २३ डिसेंबर हा काळ चांगला. २४ ला प्रत्येक जण आपल्याच गडबडीत असतो. आठ ते बारा जणांचा चमू, त्यात बायका आणि मुले हवीतच. नुसत्या तरुण पोरांचे टोळके रात्री दारात आले की लोक आधी कडी लावतात. ज्या घरी आगाऊ विचारले आहे तिथेच जा. एका घरी तीन गाणी, दहा-बारा मिनिटे.

पेटी, ढोलकी, टाळ आणि खंजिरी पुरे. स्त्री-पुरुष मिळून गाणार असतील तर काळी एक किंवा पांढरी दोन ही पट्टी सगळ्यांना झेपते. पेटीवाल्याच्या सोयीने काळी चार घेतली की पुरुषांचे आवाज तिसऱ्या घरापर्यंत फाटतात. रात्रीच्या दवाने ढोलकीचे कातडे सैल होऊन आवाज उतरतो, म्हणून दोन घरांमध्ये ती शालीत गुंडाळून न्या. इंग्रजी कॅरोल एखादे ठीक. बाकी गाणी भजनाच्या, अभंगाच्या चालीची घ्या. मराठी ख्रिस्ती पदांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे, नगरकडचे ख्रिस्ती कीर्तन प्रसिद्ध आहे, आणि शेजारच्या काकांना टाळ धरता येतो हे विसरू नका. टाळ त्यांच्या हातात द्या.

रस्त्यावरून फेरी काढणार असाल तर आठवडाभर आधी आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. त्यात तारीख, वेळ, मार्ग, माणसांची संख्या आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावे हवीत. पोचेची प्रत खिशात ठेवा. स्पीकरला वेगळी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद असतो. काही ठरावीक सणांना मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, पण यंदा कोणत्या दिवशी ती आहे हे ठाण्यातच विचारा. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असते. अंबाबाईच्या देवळाचा परिसर, भवानी मंडप, महाद्वार रोड इथून फेरी नेण्यात काही शहाणपण नाही. तिथे माणूस दर्शनाला आलेला असतो.

चर्चमध्ये पाहुणा

वायल्डर मेमोरियल असो की तुमच्या उपनगरातली छोटी मंडळी, नाताळच्या उपासनेला शेजारी यायला तयार झाला तर आदल्या दिवशी त्याला चार गोष्टी सांगून ठेवा. उपासना दीड-दोन तास चालते. उठणे-बसणे सगळ्यांबरोबर केले तरी चालते, नाही केले तरी चालते. दानाची पिशवी फिरते, पण पाहुण्याने काही टाकायचे नसते. प्रभुभोजन असेल तर ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असते, तेव्हा जागेवर बसून राहावे. त्याला प्रसाद समजून पाहुणा पुढे जातो आणि मग कुणीतरी त्याला परत पाठवते, हा प्रसंग दरवर्षी कुठेतरी घडतो. मागच्या तिसऱ्या भागात, कडेला बसा. पाळकांना आधीच सांगा की व्यासपीठावरून पाहुण्यांना उभे करून ओळख करून देऊ नका.

प्रश्न येतील ते

"हा इंग्रजांचा धर्म ना?" येशू पश्चिम आशियातला, यहुदी घरातला. कोल्हापूर संस्थानात १८५२ साली आलेले वायल्डर हे अमेरिकन मिशनरी होते हे खरे, आणि लपवायचे कारण नाही. पण मराठीत ख्रिस्ताचे ओवीबद्ध पुराण १६१६ मध्येच छापले गेले होते, शिवरायांच्या जन्माआधी १४ वर्षे. (लिहिणारा जेझुइट पंथाचा पाद्री इंग्रज होता, हे कुणी दाखवून दिले तर हसून मान्य करा. राज्य इंग्रजांचे नव्हते आणि भाषा मराठी होती.)

"सगळे देव एकच, नाही का?" इथे वाद घालू नका आणि खोटे होही म्हणू नका. "तुमची श्रद्धा मला ठाऊक आहे. मला येशूत काय सापडलं तेवढं मी सांगू शकतो," एवढे पुरते. अंबाबाई, जोतिबा, कुणाचे पीर, कुणाचे बुद्ध, यांच्याविषयी बरेवाईट काही बोलण्याची गरज कुठल्याही शुभवर्तमानाला नाही.

"धर्म बदलला की पैसे मिळतात म्हणे?" रागावू नका. नाही म्हणा, आणि तुमचे वागणे तसे असू द्या. ऊसतोड मजुरांच्या पालांवर थंडीत ब्लँकेट वाटायचे असतील तर फक्त ब्लँकेट वाटा. तिथे प्रार्थना सभा, पत्रक, नाव-नोंदणी काही नको. उपाशी माणसापुढे मदत आणि संदेश एकत्र ठेवला की त्याला नाही म्हणायची मोकळीक उरत नाही.

कायद्याचे थोडक्यात. संविधानाच्या कलम २५ ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या अधीन राहून. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. धर्मांतराविषयीचे राज्यांचे कायदे बदलत असतात, म्हणून चर्चच्या कार्यक्रमाआधी वकिलाकडून चालू नियम समजून घ्या. मुलांच्या कार्यक्रमाला पालकांना सोबत बोलवा. त्यांच्या माघारी परक्या मुलाला प्रार्थना शिकवू नका. आजाऱ्यासाठी प्रार्थना त्याने मागितली तर जरूर करा, पण बरे होण्याची हमी देऊ नका आणि "गोळ्या बंद करा" असे चुकूनही म्हणू नका. चमत्काराचा दावा करून फसवण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कायदा नसता तरी मधुमेहाच्या माणसाचे इन्सुलिन तोडणे हा गुन्हाच ठरला असता.

भेटीला जाताना जोडीने जा, एकट्या बाईच्या घरी एकट्या पुरुषाने जाऊ नये. घरातल्या थोरांशी आधी बोला. सासूला डावलून सुनेशी धर्माच्या गप्पा केल्या तर त्याचा त्रास सुनेलाच होतो.

जानेवारी

कुणी बायबल मागितले तर अख्खे जाड पुस्तक देऊ नका. लूकचे एकच शुभवर्तमान, आजच्या बोलीतले, मोठ्या टायपाचे द्या. लहान अक्षरांची पुस्तके कपाटावर जातात. आठ-दहा दिवसांनी "वाचलं का?" असे न विचारता "कुठं अडलं का?" असे विचारा. नाही म्हणाले तर विषय सोडा.

संक्रांतीला तिळगूळ घ्यायला त्या सगळ्या घरी जा. तुमचे ताट तोवर परत आले नसेल तर मागू नका. रिकामे ताट द्यायचे नाही म्हणून त्यात काहीतरी घालून ते आणून द्यायला शेजारीण येईलच, आणि तेव्हा घाईत नसेल.